शिळं उत्तर चालणार नाही

कारखान्याच्या शेतकी ऑफिसला एक खिडकी होती आणि ती बंद व्हावी अशी सगळ्यांची इच्छा होती. सगळ्यांची म्हणजे आत बसणाऱ्यांची. बाहेरचे लोक तर ऑफिस उघडायच्या आधीपासून तिच्यासमोर रांग लावून उभे असायचे. मी बसायचे आत आणि मन असायचं बाहेर, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना माझा संशय यायचा. येऊ दे म्हटलं. मला त्याचं कधी फार वाटलं नाही.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं सोडली तर ही गोष्ट एरवी घडलीच नसती. आधी आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हते आणि नंतर ते कुणाला नवे राहिले नाहीत. कारखाना वसमतच्या अलीकडे, रस्त्याला लागून. हंगाम सुरू झाला की आखाडा बाळापूर, कळमनुरीकडून माणसं एसटीनं, मोटरसायकलवर तिथं यायची आणि सगळी एकच गोष्ट विचारायची. माझ्या उसाचा नंबर कधी?

ज्यानं ऊस लावलेला नाही त्याला या प्रश्नातली तगमग कळायची नाही. वेळेवर तोड झाली नाही की उसाला तुरा येतो, आतून तो पोकळ पडायला लागतो, वजन घटतं. वर्षभर पाणी दिलेलं पीक बांधावर उभं राहून नुसतं बघत बसायचं. लागवडीच्या तारखेप्रमाणे नंबर लागतो असा नियम होता, पण कुणाच्या रानात ऊस तोडणारी टोळी कधी जाणार हे फक्त शेतकी अधिकाऱ्याला ठाऊक. आपल्या पुढे किती जण आहेत, काल आपण जिथं होतो तिथंच आज आहोत की मागे गेलो, हे विचारायची सोयच नव्हती. विचारलं तर "येईल टोळी, जा घरी," एवढंच उत्तर मिळायचं.

आमच्या घरात ऊस आधी आला तो कोयत्याबरोबर. आमचा तांडा बाळापूरच्या पुढं. नव्वदच्या दशकात बा आणि याडी, म्हणजे माझी आई, दिवाळी झाली की तांड्यावरच्या बाकीच्यांबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्यांना ऊस तोडायला जायचे. मी आत्याजवळ राहून शाळा करायचे. पुढे कालव्याचं पाणी आलं आणि बानं दोन एकर ऊस लावला. सगळ्या तांड्याला सांगत सुटला होता की आजपर्यंत लोकांचा तोडला, आता आपला तोडायला दुसऱ्याची टोळी येणार. त्या पहिल्या वर्षी टोळी आली तेव्हा अख्खं रान तुऱ्यांनी पांढरं झालेलं होतं. मी त्या वेळी नांदेडला कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते. सुट्टीत आले तेव्हा बाबरोबर कारखान्यावर गेले आणि साहेबाच्या टेबलासमोर हात जोडून उभा राहिलेला माझा बाप मी पाहिला. टोळ्यांच्या मुकादमाशी वरच्या आवाजात भांडणारा माणूस तो. ते जोडलेले हात आठवले की मला अजूनही राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

शिक्षण संपल्यावर मला पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली. कंपनी साखर कारखान्यांसाठी प्रोग्राम बनवायची. तिथले आमचे सर हुशार होते, हे मी कधी नाकारलं नाही. त्यांनी स्वतः एक फ्रेमवर्क लिहिलं होतं आणि आमचे सगळे प्रोग्राम त्याच्यावर उभे होते. डेटाबेसमध्ये माहिती असते टेबलांत, ओळींनी रचलेली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र शेतकरी, ऊस, टोळी अशा अख्ख्या वस्तू हाताशी हव्या असतात. या दोघांमधली ने-आण सरांचं फ्रेमवर्क करायचं. आपण म्हणायचं, या गावातले नंबर आण. ते आपणहून डेटाबेसच्या भाषेत प्रश्न तयार करायचं, ओळी आणायचं, त्यांच्या वस्तू करून आपल्या हातात द्यायचं. फार सुरेख काम होतं ते. मी त्याच्या प्रेमात होते.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या या कारखान्याच्या चेअरमननी सभेत जाहीर करून टाकलं की कॉम्प्युटर आलाय, आता प्रत्येकाला आपला नंबर खिडकीत दिसेल. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यामुळे खिडकी करावीच लागली. पुण्यातून हिंगोली जिल्ह्यात हंगामभर राहायला कुणी तयार होईना, तेव्हा सरांना आठवलं की मी "तिकडचीच" आहे. मी पण आढेवेढे घेतले नाहीत. वसमतला खोली घेतली आणि खिडकीत जाऊन बसले.

काम सोपं होतं. बाहेरच्या माणसानं गाव आणि नाव सांगायचं, मी टाइप करायचं. मॉनिटर मी मुद्दाम बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवला होता. नाव, पुढे किती जण, पहिल्या नंबरावर कोण, सगळं सगळ्यांना दिसायचं. शेतकी अधिकाऱ्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, हे तोंड आतल्या बाजूला नसतं का करता येत?" मी म्हटलं, वायर पुरत नाही. वायर चांगली लांबलचक होती.

अडचण वेगळीच निघाली. हंगाम भरात आला तशी गर्दी वाढली आणि मशीन रडायला लागलं. सर्व्हर एकच, आणि उसाच्या गाड्यांचा वजनकाटाही त्याच्यावरच चालायचा. लोक दिवसभर तेच ते विचारणार. एकाच गावचे दहा जण आले तर दहाही जणांना पहिल्या नंबरावर कोण ते हवंच असतं. सरांचं फ्रेमवर्क इमानदार. प्रत्येक वेळी डेटाबेसकडे जाणार, तोच प्रश्न तसाच विचारणार, तीच उत्तरं घेऊन येणार. आत्ताच तर विचारलं होतं, हे त्याच्या गावीही नसायचं. तेवढ्यात तिकडे काटा अडकायचा, गाड्या रस्त्यापर्यंत तुंबायच्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसायचे.

अधिकाऱ्याला हवंच होतं ते. "काटा थांबला तर गाळप थांबतं. तुमची खिडकी म्हणजे कारखान्यापेक्षा मोठी झाली का?" असं तो येता-जाता सर्वांसमोर म्हणायचा. मोठ्या साहेबांकडेही त्यानं खिडकी बंद करायची गोष्ट काढली होती. मला कळत होतं की खिडकी वेगानं चालली नाही तर ती राहणार नाही.

मी सरांना फोन केला. त्यांनाही हे दिसत होतं, दुसऱ्या कारखान्यांकडूनही ओरड येत होती. त्यांनी फ्रेमवर्कमध्ये कॅशिंग घातलं. कल्पना साधी. डेटाबेसकडून आलेलं उत्तर मेमरीत राखून ठेवायचं आणि पुन्हा तोच प्रश्न आला की राखलेलं उत्तर देऊन टाकायचं. आता राखलेलं कधी टाकून द्यायचं? त्यावर सरांचा नियम असा, की उत्तरात ज्या ओळी आल्या आहेत त्यांच्यातली एखादी बदलली तर ते उत्तर टाकायचं. नाही बदलली तर तेच चालू ठेवायचं.

नवीन फ्रेमवर्क सीडीवर आलं, मी चढवलं आणि खिडकी वाऱ्यासारखी पळायला लागली. रांग दुपारपर्यंत संपायची. काटा अडकेना. अधिकारी गप्प झाला. मला वाटलं, जिंकलो आपण.

मग एका शेतातल्या उसाला तारांच्या ठिणगीनं आग लागली.

आमच्याकडे जळीत उसाचा एक रिवाज आहे. ज्याचा ऊस जळला त्याला ताबडतोब पहिला नंबर. जळालेला ऊस रानात टिकत नाही, लगेच खराब व्हायला लागतो. म्हणून त्याच्या पुढचे सगळे आपापला नंबर एकेक पायरी मागे घेतात आणि त्यावर कुणी तोंड उघडत नाही. वैरी असला तरी नाही. कारण आज त्याचा जळला, उद्या आपला जळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीकडचा एक म्हातारा शेतकरी खिडकीशी आला. आदल्या संध्याकाळी मीच त्याला सांगितलं होतं की तुमचा पहिला नंबर, सकाळी टोळी येईल. टोळीला पहिल्या दिवशी जेवू घालायची पद्धत, म्हणून त्याच्या घरच्यांनी पहाटे उठून भाकरी थापल्या होत्या. टोळी आली नाही. ती जळिताच्या रानात गेली होती.

"बाई, नंबर जळीताला गेला त्याचं मला काई न्हाई," तो म्हणाला. "माझा जळला असता तर लोकानं मलाबी दिला असता. पन त्यो ऊस जळला काल दुपारी. मी इचारलं सांजेला. मंग तुमची खिडकी शिळं काहून सांगून राहिली?"

मला तोंड वर करवेना. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. साहेबाच्या खिशातला नंबर खोटा असला तरी तो खोटा असू शकतो हे लोक धरून चालत होते. खिडकीवर त्यांनी भरवसा टाकला होता. खोटं सांगणारी खिडकी बंद खिडकीपेक्षा वाईट.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. म्हाताऱ्याच्या गटाचं, म्हणजे नंबरांच्या एकाच यादीत येणाऱ्या गावांचं, उत्तर मेमरीत राखलेलं होतं: आधी हा, मग तो, असे वरचे दहा जण. सरांचा नियम त्या दहा ओळींवर लक्ष ठेवून होता. नंबर स्वतः ओळीत लिहिलेला नसायचा, लागवडीच्या तारखेवरून आणि जळिताच्या खुणेवरून तो विचारताना लागायचा, त्यामुळे त्या दहा ओळींत काही बदललं नव्हतं. पण ज्याचा ऊस जळला तो त्या दहांत नव्हताच. तो होता खूप मागे. मागून उठून तो एकदम डोक्यावर येऊन बसला, आणि त्याच्यावर कुणाचीच नजर नव्हती. उत्तरात असलेली माणसं बदलली तरच उत्तर बदलतं असं सरांनी गृहीत धरलं होतं. उत्तरात नसलेला माणूस आत येऊ शकतो, हे पुण्यात बसून सुचण्यासारखं नसावं. आमच्याकडे ते प्रत्येक हंगामात घडतं.

मी हे सगळं सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "असं क्वचित होणार गं. तू एक कर, मुदत घाल. दर अर्ध्या तासानं राखलेली सगळी उत्तरं टाकून द्यायची. अर्ध्या तासाच्या शिळेपणानं कुणाचं काय बिघडतं?"

"म्हणजे अर्धा तास खोटं बोललं तर चालेल?"

"खोटं नाही, थोडं जुनं. आणि हे बघ, फ्रेमवर्कच्या आत हात घालू नकोस. ते माझं आहे, चार ठिकाणी जातं. मुदतीची सोय मी केलेली आहे, फक्त आकडा टाक."

फोन शेतकी अधिकाऱ्याच्या टेबलावर होता आणि तो समोरच बसून ऐकत होता. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. सरांशी गोड गोड बोलला. ठेवताना म्हणाला, "अर्धा तास झकास. आमचं काय म्हणणं नाही." ज्या माणसाला खिडकी डोळ्यासमोर नको होती त्याला हा उपाय एवढा आवडावा, हे पाहून माझं डोकं भणभणलं. मला तो उपाय तिथल्या तिथं नकोसा झाला.

रविवारी खिडकी बंद असायची. वसमतच्या खोलीत मी सरांचं फ्रेमवर्क उघडून बसले आणि त्याच्या आत कोपरापर्यंत हात घातला. मधूनमधून लाइट जायची, तेवढा वेळ मी कागदावर रेघा ओढत बसायचे. माझा नियम सरांच्या नियमापेक्षा सोपा होता. उत्तरात कोण आहे याची उठाठेव करायचीच नाही. प्रत्येक टेबल शेवटचं कधी बदललं तेवढं लिहून ठेवायचं. राखलेल्या प्रत्येक उत्तरानंही लक्षात ठेवायचं की मी कधी आलो आणि कोणकोणती टेबलं बघून आलो. पुन्हा तोच प्रश्न आला की दोन्ही वेळा ताडून बघायच्या. मी आल्यानंतर टेबल बदललंय? मग मी शिळा, मला टाका, ताजं आणा. नाही बदललं? मग मी वर्षभराचा का असेना, अजून खराच आहे.

अधिकाऱ्याकडे एक जुना प्रोग्राम होता, आमच्या कंपनीच्या आधीचा. जळिताची नोंद तो त्यातून थेट टेबलात घालायचा, फ्रेमवर्कला पत्ता लागू न देता. म्हणून बदलाची वेळ लिहायचं काम मी डेटाबेसवरच सोपवलं. कुणीही, कुठल्याही दारानं आत येऊन नंबरांना हात लावला की वेळ आपोआप लिहिली जाणार.

सरांनी हे पाहिलं असतं तर म्हणाले असते की टेबल सारखं बदलतं, तुझं एकही उत्तर टिकणार नाही. काट्याच्या टेबलाचं तसं होतंच. गाडी आली की ते बदलायचं, आणि आमचा खिडकीचा प्रश्न विनाकारण तेही टेबल बघून यायचा. ते मी त्यातून काढून टाकलं. उरलं नंबरांचं टेबल, ते दिवसातून मोजक्या वेळा बदलतं. विचारणारे मात्र शेकडो. सोमवारी खिडकी पहिल्याइतकीच पळाली आणि ताजं सांगू लागली. अर्ध्या तासाचा आकडा मी कुठंच टाकला नाही. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही.

ज्या दिवशी बाचा पहिला नंबर लागला त्या दिवशी तो स्वतः खिडकीशी आला. मी घरी निरोप पाठवू शकले असते, पण त्याला रांगेत उभं राहून, गाव-नाव सांगून, पडद्यावर पाहायचं होतं. त्याच्या उसाला नुकते तुरे फुटायला लागले होते. पडद्यावर त्याचं नाव सगळ्यांत वर आलं. त्यानं मागच्या माणसालाही ते वाचून घ्यायला सांगितलं आणि चहाला गेला.

तो चहा पिऊन परत येईपर्यंत मागच्या एकानं तेच विचारलं, आणि पडद्यावर पहिलं नाव वेगळंच. एका संचालकाचं. पुढे लिहिलेलं, जळीत. बा दुसरा.

 मला वाचून दाखवायची गरज नव्हती, मॉनिटरचं तोंड बाहेर होतं.

"कवा जळला?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"मी तर आत्ता त्याच रस्त्यानं आलो," दुसरा म्हणाला. "ऊस हिरवागार हाये की."

"सांजच्याला जाळनार असतील. नोंद आधी करून ठेवली."

हशा झाला, पण त्या हशात गंमत नव्हती. दोघं-तिघं मोटरसायकली काढून गेले. चहाहून परतलेला बा खिडकीच्या कडेला उभा राहिला. मला आता सगळं लख्ख दिसत होतं. अधिकारी समजून होता की खिडकी अर्धा तास जुनंच सांगणार. तेवढ्या वेळात टोळी संचालकाच्या रानात उतरली असती, आणि एकदा ऊस तुटायला लागला की त्याला कोण विचारतो जळला होता का म्हणून. जळिताचा रिवाज, ज्याच्यावर आमच्याकडे वैरीसुद्धा बोट ठेवत नाही, तो या माणसानं वापरायला काढला होता.

गेलेले परत आले ते हिरवे ऊस खांद्यावर टाकून, पाल्यासकट. त्यांतला एक ऊस पुढच्या माणसानं खिडकीच्या गजांतून आत सारला. त्याचा पाला माझ्या कीबोर्डवर आला. "घ्या साहेबाला दाखवा, जळीत," तो माणूस म्हणाला. मी तो ऊस उचलून अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो म्हणाला, नजरचुकीनं पडली नोंद, आणि मुकाट्यानं ती काढली. बा पुन्हा पहिला झाला. पडद्यावर लगेच दिसलं, बाहेर शिट्ट्या वाजल्या.

थोड्या वेळानं अधिकाऱ्यानं मला आणि बाला आत बोलावलं. दार लावलं. "पोरगी हुशार आहे तुमची," तो बाला म्हणाला. "पण लहान आहे. सरांनी सांगितलेला अर्धा तास तिनं ठेवला नाही. तेवढं करून टाकू द्या. उद्या सकाळी टोळी तुमच्या रानात. नाहीतर टोळ्या सगळ्या बाहेर आहेत, कधी मोकळ्या होतील सांगता येत नाही."

मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगते, मला भीती वाटली. ती स्वतःसाठी नव्हती. ते दोन एकर त्याचे होते, ते तुरे त्याचे होते. त्यानं "कर बाई," म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

बानं विचारलं, "पहिला नंबर माझा हाये का न्हाई?"

"आहे, पण टोळी..."

"टोळी कशाला पायजे? साहेब, आमी टोळीच हावोत," बा म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर फोन वाजला. सर होते. अधिकाऱ्यानं त्यांना आधीच कळवलेलं दिसलं. ते चिडले होते आणि त्यांच्या जागी ते बरोबरही होते. त्यांच्या कामात मी न विचारता हात घातला होता. "ते आत्ताच्या आत्ता काढून टाक. नाहीतर सामान बांध, मी दुसरा माणूस पाठवतो."

मी म्हटलं, "दुसरा माणूस येईपर्यंत खिडकी माझ्याकडे आहे, सर. तोवर ती ताजंच सांगेल." आणि फोन ठेवला. नंतर दुसरा माणूस आला आणि ती नोकरी मी गमावली. सरांनी पुढे माझा नियम आपल्या फ्रेमवर्कमध्ये कायमचा घेतला असं मी ऐकलं, स्वतःला सुचल्यासारखा. घेऊ देत. नियम खरा आहे, तो कुणाच्याही नावानं चालो.

तांड्यावरचे तरणे सगळे तोडीला बाहेर गेलेले. राहिले होते म्हातारे, बाया आणि आमच्यासारखे शिकलेले. बानं हाक दिली तशी ही सगळी माणसं कोयते घेऊन रानात उतरली. खिडकीत टाइप करायला ऑफिसातल्या एका कारकुनाला बसवलं आणि मीही उतरले. याडी माझा कोयता धरायचा हात बघून हसली आणि मला मोळ्या बांधायला लावलं. पाल्यानं हात-तोंड चिरून निघालं. इतकं बरं मला पुण्यात एकदाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या ट्रॅक्टरची पहिली खेप भरून आम्ही कारखान्याच्या गेटवर आलो.

गेटवाल्यानं अडवलं. कारखान्याची टोळी नाही, ऊस आत घेता येणार नाही, असा वरून हुकूम होता. बा ट्रॅक्टरवरून उतरला नाही. मी उतरले, हात न धुता आत गेले आणि खिडकीत जाऊन बसले. दुसरा माणूस अजून पुण्याहून निघालेला नव्हता.

खिडकीसमोरच्या रांगेला गेटवरचं सगळं दिसत होतं. पहिल्या माणसानं आपलं गाव-नाव सांगितलंच नाही. तो म्हणाला, "बाई, या गटात पहिला नंबर कुनाचा?"

मी टाइप केलं. पडद्यावर बाचं नाव आलं. त्यानं ते गेटवाल्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं आणि बाजूला झाला.

दुसरा पुढे आला. "पहिला नंबर कुनाचा?"

पुन्हा तेच नाव. तिसऱ्यानं तेच विचारलं. चौथ्यानंही. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या नंबरासाठी लांबून आलेली माणसं आपला नंबर सोडून माझ्या बापाचा नंबर विचारत होती, वाचत होती आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत होती. अधिकारी दारात येऊन उभा राहिला. तो काट्याकडे बघत होता. मला त्याचं मन वाचता येत होतं. पूर्वी एवढ्या गर्दीत मशीन केव्हाच बसलं असतं, काटा अडकला असता, आणि खिडकी बंद करायला त्याला कारण मिळालं असतं. पण नंबरांच्या टेबलाला कुणी हात लावलेला नव्हता. राखलेलं उत्तर अजून खरं होतं. प्रश्न कितीही वेळा येवो, डेटाबेसपर्यंत जायचं कारणच नव्हतं. नाव विचारताक्षणी पडद्यावर येत होतं आणि काट्यावर आधी आत गेलेल्या गाड्या सुरळीत पुढे सरकत होत्या. त्या संपल्या आणि काटा रिकामा पडला. आमच्या ट्रॅक्टरच्या मागे गाड्या रस्त्यापर्यंत तुंबल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. या वेळी ते खिडकीच्या नावानं वाजवत नव्हते.

आतून निरोप आला, गाळप थांबेल, गेट उघडा.

बा ट्रॅक्टरच्या पुढे चालत आत आला. तो खिडकीपाशी थांबला नाही, नुसता मान हलवून काट्याकडे गेला. वजन झालं, तोड सुरू झाल्याची नोंद झाली, नंबरांचं टेबल बदललं.

रांगेत आता कळमनुरीकडचा दुसराच एक शेतकरी पुढे होता. बाकीच्यांचं पाहून त्यानंही सवयीनं तेच विचारलं, "पहिला नंबर कुनाचा?" उत्तर यायला या वेळी क्षणभर उशीर झाला, कारण जुनं टाकून ताजं आणावं लागलं. पडद्यावर त्याचं स्वतःचं नाव आलं. त्यानं ते दोनदा वाचलं, टोपी नीट केली आणि घरी सांगायला लगबगीनं एसटीकडे निघाला. अधिकारी अजून दारातच उभा होता. त्याच्यापुढून जाताना त्या माणसानं हात जोडले नाहीत.